पाऊण इंचाची चूक

टेपकाकूंच्या दुकानात नवीन कपडा शिवून मिळत नाही. दारावरच्या पाटीवर तसं ठळक लिहिलंय, तरी रोज कुणीतरी कापड घेऊन येतंच आणि काकू रोज त्याच्यावर डाफरतात, "वाचता येतं ना? मग वाचा की!" जिन्याखालची सहा बाय नऊची खोली, एक मशीन, एक इस्त्री आणि खुंट्यांना टांगलेल्या पँटी. मुख्य कामं दोनच. कंबर सैल करायची किंवा कंबर आत घ्यायची. बाकी उंची, बाह्या, चेन ही वरकड कामं. गळ्यात चोवीस तास टेप, म्हणून नाव टेपकाकू. खरं नाव लाइटच्या बिलावर आहे, तेवढंच.

काकूंची एक खोड होती. गिऱ्हाइकाचं माप त्या वहीत लिहायच्या आणि पुढच्या वेळी ते खोडून नव्हे, तर त्यावर एक बारीक रेघ मारून शेजारी नवं माप लिहायच्या. जुना आकडा वाचता आला पाहिजे, हा नियम. सव्वीस वर्षांच्या वह्या फळीवर उभ्या होत्या. कुणाला मूल झालं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला साखर निघाली, सगळं तिथे इंचांत लिहिलेलं. काकू कधी कुणाला बोलल्या नाहीत, पण त्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक होतं.

दुकानामागून पूर्वी मालगाडीचे रूळ जायचे. मालगाडी बंद पडली, रूळ भंगारात गेले, आणि नऊ वर्षांपूर्वी नगरपालिकेने कधी नव्हे ती अक्कल दाखवून त्या पट्ट्यावर मुरूम टाकला, कडेने झाडं लावली, बाकं ठेवली. बाजारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तीन किलोमीटर चालायची वाट. लोक त्याला ट्रॅक म्हणायला लागले.

ट्रॅकवर पहिल्यांदा गेला तो काकूंचा नवरा, तोही आपणहून नाही, धाकाने. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. पोट स्टिअरिंगला टेकायचं. छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा, नाहीतर पुढच्या वेळी स्ट्रेचरवर या." पहिला महिनाभर ड्रायव्हरसाहेब पहिल्या बाकापर्यंत जायचे आणि दोन थांबे चुकल्यासारखा चेहरा करून परत यायचे. वर्षाने ते टाकीला हात लावून यायला लागले. ऑपरेशन लागेल म्हणून उघडलेली त्यांची फाइल डॉक्टरांनीच बंद केली. काकूंनी नवऱ्याच्या पँटी चार वेळा आत घेतल्या, आणि पाचव्या वेळी चिडून म्हणाल्या, "आता नवीन घ्या हो, हिच्यात आता शिवणीच उरल्यात, कापड नाही!"

मग हळूहळू इतरही पँटी यायला लागल्या. आत घ्यायच्या. काकूंनी कुणाला विचारलं नाही, पण गठ्ठा पाहून त्यांच्या लक्षात आलं होतं.

नोटीस लागली ती ट्रॅकच्या तोंडाशी, लाइटच्या खांबावर. हा पट्टा एका खासगी कंपनीला तीस वर्षांच्या भाडेकराराने पार्किंगसाठी देण्याचं नगरपालिकेने योजलं आहे. सदर जागेपासून उत्पन्न शून्य. सर्वेक्षणानुसार वापरणारे दररोज सरासरी एकेचाळीस. हरकती पंधरा दिवसांत.

काकूंनी नोटीस दोनदा वाचली. मग दुकानाला कुलूप लावलं आणि थेट नगरपालिकेत तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सर्वेक्षण करणारा इंजिनिअर तिशीतला, नीटनेटका, टेबलावर काचेखाली बायकोचा फोटो.

"हे एकेचाळीस कुठून आणलेत?"

"मी स्वतः मोजलेत काकू. सलग तीन दिवस."

"किती वाजता?"

"अकरा ते चार."

"अकरा ते चार? भर उन्हात? अरे, त्या वेळी तिथे चालतो कोण? कुत्री झोपतात तिथे तेव्हा!"

"कार्यालयीन वेळ तीच आहे ना."

"म्हणजे लोकांनी तुझ्या कार्यालयीन वेळेत चालायला यायचं? मग कामाला कधी जायचं, पहाटे?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून फाइलमागे तोंड लपवून हसला. इंजिनिअर लाल झाला, पण उर्मट नव्हता. म्हणाला, "काकू, तुमच्या भावना मला समजतात. पण सुनावणीत भावना चालत नाहीत. कंपनीने भाड्याचा आकडा दिलाय. तुमच्याकडे आकडा आहे का?"

हे काकूंना झोंबलं. भावना! सव्वीस वर्षं ज्या बाईने इंचाइंचाने पोट भरलं, तिला हा पोरगा आकडे शिकवत होता. "आहे," त्या म्हणाल्या. "फळीभर आहेत. आणते."

जाताना त्यांनी हरकतीचा अर्ज दिला आणि त्या संध्याकाळपासून वह्या खाली आल्या. नवरा चष्मा लावून बसला, काकू मशीनवर बसल्या बसल्या सांगायच्या. ट्रॅक सुरू झाला त्या वर्षी ज्यांचं माप घेतलं होतं आणि गेल्या वर्षभरातही ज्यांचं घेतलं होतं, अशी माणसं निघाली एकशे चौसष्ट. मग त्या एकेकाला गाठून एकच प्रश्न विचारायच्या: ट्रॅकवर चालता की नाही? खरं सांगा.

"चालतो की," शेजारचा औषधवाला म्हणाला.

"तुम्ही? ट्रॅकवर?"

"ट्रॅकवरून दुकानात येतो."

"दुकान ट्रॅकला चिकटलेलं आहे तुमचं. अकरा पावलं होतात. न चालणाऱ्यांत लिहा हो यांना!"

चालणारे निघाले शहाण्णव, न चालणारे अडुसष्ट. चालणाऱ्यांची कंबर नऊ वर्षांत सरासरी दोन इंचांनी कमी. न चालणाऱ्यांची पाऊण इंचाने जास्त. काकूंनी लगोलग पत्रक छापून घेतलं. वर मोठ्या अक्षरांत: ट्रॅकने आपल्याला काय दिलं? दोन इंच! पाचशे पत्रकं ट्रॅकवर, बाजारात, बसथांब्यावर वाटली. दोन दिवस काकू जमिनीवर नव्हत्या.

पण दोन इंच म्हणजे पैसे नव्हेत, हे काकूंनाही कळत होतं. तेव्हा औषधवाल्यानेच, थोडं कुरकुरत, वाट दाखवली. "तुमच्या ट्रॅकने माझी निम्मी गिऱ्हाइकं खाल्ली, माहितीये? पण खरा खर्च माझ्याकडे नाही. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या लोक नगरपालिकेच्या दवाखान्यातून फुकट घेतात. तिथे विचारा."

दवाखाना नगरपालिकेच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. काकूंनी शहाण्णव जणांना पुन्हा गाठलं आणि ज्यांना चालेल त्यांच्याकडून त्यांची औषधाची कार्डं मागून घेतली. तेहतीस जणांच्या गोळ्या नऊ वर्षांत कमी झाल्या होत्या किंवा बंदच झाल्या होत्या. पाच जणांना गुडघा बदलायला सांगितलं होतं, ते अजून स्वतःच्याच गुडघ्यांवर चालत होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्यांचे दर लिहून दिले. नवऱ्याने बेरीज केली आणि शिट्टी वाजवली. वर्षाला तेहतीस माणसांमागे वाचणारी रक्कम कंपनीच्या भाड्याच्या जवळजवळ निम्मी होती.

"कळलं का तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "भाडं येणार तिसऱ्या मजल्यावर आणि गोळ्यांचा खर्च जाणार पहिल्या मजल्यावरून. मधे एक मजला आहे, म्हणून यांना वाटतंय उत्पन्न शून्य!"

सुनावणीला पाच दिवस उरले असताना टेप तुटली. काकूंची जुनी, रेक्झिनची, ट्रॅक सुरू झाला त्याच वर्षी घेतलेली. टोकाची पितळी पट्टी निघून हातात आली. काकूंनी नवीन मागवली आणि सहज, सवयीने, दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याशी शून्य जुळवलं. जिथे जुन्या टेपवर छत्तीस होतं, तिथे नवीन टेपवर पावणेसदतीस.

त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग लोखंडी पट्टी काढली. नवीन टेप बरोबर होती.

नऊ वर्षं ओढून ओढून जुनी टेप ताणली गेली होती. इतकी हळू, की कळलं नाही. आणि तक्रार कुणाची यायचं कारणच नव्हतं. ज्या टेपने माणूस मोजला, त्याच टेपने त्याची पँट मोजली. दोघंही सारख्याच इंचांनी चुकीचे, म्हणून कपडा अंगाला चोख बसायचा. चूक होती ती फक्त वहीत. पहिली मापं नव्या टेपची, खरी. अलीकडची ताणलेल्या टेपची, सगळी पाऊण इंचाने कमी.

म्हणजे दोन इंच खोटे. पाचशे पत्रकं खोटी.

काकूंनी दोन्ही टेपा तशाच टेबलावर राहू दिल्या. नवरा आला, त्याने दोन टेपा पाहिल्या आणि एकतीस वर्षं डायल बघितलेल्या माणसाला सांगायची गरज पडली नाही.

"कुणाला कळणार आहे?" तो हळूच म्हणाला. "जुनी टेप टाकून दे."

"अहो, तुमच्या बसचं स्पीडोमीटर खोटं दाखवत असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"डेपोत लावली असती."

"मग?"

"पण डेपोत मला कुणी हसलं नसतं, अगं. तुला तिथे सगळ्यांसमोर हसतील."

काकूंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. माझा इंच कधी चुकत नाही, हे वाक्य त्यांनी या गल्लीत किती वेळा, किती तोऱ्यात ऐकवलं होतं! भाव करणाऱ्याला, उलट बोलणाऱ्याला, एकदा तर सख्ख्या बहिणीला. आता तो इंच त्यांच्याच टेबलावर पाऊण इंचाने लांब पडला होता.

"हसू देत," त्या म्हणाल्या. "पण खोट्या मापावर ट्रॅक वाचवला, तर तो वाचलाय असं मलाच वाटणार नाही. आणि कंपनीच्या माणसाने एक लोखंडी पट्टी आणली की संपलं. तेव्हा हसणं वेगळं आणि हरणं वेगळं. उद्या साडेपाचला उठवा मला."

दुसऱ्या दिवशी पहाटे टेपकाकू नवी टेप घेऊन ट्रॅकच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. शेजारी नवरा, वही, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: माझी टेप ताणली होती. पत्रकातलं माप चुकलं. पुन्हा मोजतेय, थांबा.

पुठ्ठा वाचून पहिला माणूस थांबला तो बँकेतला कॅशियर. "काय काकू, तुमचाही इंच चुकला?"

"चुकला. हात वर करा."

"म्हणजे मी बारीक झालोच नाही?"

"झालात. पण जेवढं बायकोला सांगत फिरताय तेवढं नाही. श्वास सोडा. सोडा म्हणतेय ना, पोट आत नका ओढू, मला सगळं कळतं!"

रांग लागली. लोक हसले, खूप हसले. काकूंनी एकालाही उलट उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही, पण माप मात्र प्रत्येकाचं दोनदा घेतलं. न चालणाऱ्यांना गाठायला दुपारी घरोघर, दुकानोदुकानी गेल्या. औषधवाला टेप बघूनच काउंटरमागे सरकला. "मला सोडा की हो काकू."

"तुम्हाला कशी सोडेन? तुम्हीच तर माझा पुरावा."

चार दिवसांत एकशे चौसष्टांपैकी एकशे एकतीस जण सापडले. काही परगावी गेले होते, दोघं दवाखान्यात होते, एकीने दार उघडलं नाही. नव्या हिशोबात चालणारे सव्वा इंचानेच कमी झालेले निघाले. त्यातले अकरा तर चालूनसुद्धा वाढले होते, तेही काकूंनी लिहिलं. पण न चालणारे पाऊण नव्हे, दीड इंचाने वाढले होते. काकूंनी वहीकडे टक लावून पाहिलं. टेप खोटं बोलली होती ती दोघांशीही सारखंच. दोन गटांतलं अंतर आधीही पावणेतीन होतं, आताही पावणेतीनच.

"आधीच कळलं असतं तर चार दिवसांची पायपीट वाचली असती," नवरा म्हणाला.

"आधी कळलं असतं तरी मोजलंच असतं," काकू म्हणाल्या. पाय मात्र त्यांनी गरम पाण्यात सोडले होते.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात. मुख्य खुर्चीवर आयुक्तबाई, चष्मा नाकाच्या टोकावर, घाईत. डावीकडे इंजिनिअर, उजवीकडे कंपनीचा माणूस, कडक इस्त्रीचा, पण शर्ट खांद्यावर अर्धा इंच मोठा. काकूंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

त्याने आधीच पत्रक समोर ठेवलं. "मॅडम, या बाईंनी पाचशे लोकांना खोटं सांगितलं. मग स्वतःच रस्त्यावर पुठ्ठा घेऊन कबूल केलं. अशा आकड्यांवर शहर चालवायचं का?"

"पत्रक चुकीचं होतं," काकू उभ्या राहिल्या. आवाज थोडा कापला, म्हणून त्यांनी तो चढवला. "टेप ताणलेली होती. ही बघा जुनी, ही नवी, ही पट्टी. मॅडम, तुम्ही स्वतः लावून बघा. दोन इंच चूक, सव्वा इंच बरोबर. मी चार दिवस पुन्हा मोजलं. सगळं वहीत आहे, वाढलेले अकरासुद्धा."

आयुक्तबाईंनी खरोखरच टेपा पट्टीला लावून पाहिल्या. सभागृहात कुणीतरी खुसखुसलं.

"शिवाय," कंपनीचा माणूस म्हणाला, "लोक बारीक झाले की पँटी आत घ्यायला कुणाकडे जातात? ट्रॅकवर यांचाच धंदा चाललाय."

आता काकूंची जीभ सुटली. "साहेब, कंबर सैल करायचे मी दुप्पट पैसे घेते. आतलं कापड काढावं लागतं, जोड द्यावा लागतो. माझा धंदा बघायचा असता तर तुमच्या पार्किंगचं उद्घाटन मीच केलं असतं, आणि रिबीनही घरची आणली असती!"

हशा पिकला. आयुक्तबाईंनी हात वर केला, पण ओठ दाबलेले होते.

काकूंनी औषधाची कार्डं टेबलावर ठेवली. तेहतीस. पहिला मजला, तिसरा मजला, दोन्ही आकडे सांगितले. आयुक्तबाईंनी विचारलं, "हे फक्त तेहतीस जणांचं? मग सगळे चालणारे धरले तर किती होईल?"

महिन्यापूर्वीच्या काकूंनी इथे छाती फुगवून मोठा आकडा ठोकून दिला असता. त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही. मी जेवढे मोजले तेवढंच बोलणार. चालणारे किती आहेत ते तुमच्या माणसाने मोजायचं. पण मॅडम, त्याला विचारा त्याने कधी मोजलं."

सगळे इंजिनिअरकडे बघायला लागले. तो उठला. खोटं बोलू शकला असता, कारण तास कुठेच लिहिलेले नव्हते. "अकरा ते चार," तो म्हणाला. "कार्यालयीन वेळेत. मॅडम, तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं."

आयुक्तबाईंनी चष्मा काढला. पट्ट्याची फाइल त्यांनी थांबवली आणि पुन्हा सात दिवस मोजणी सांगितली, पहाटे साडेपाच ते रात्री आठ. अर्जदार बाईंनी हजर राहायचं.

पहिल्या पहाटे इंजिनिअर जांभया देत आला. तासाभरात कागदावरच्या रेघा एकमेकींत अडकल्या, तो हैराण झाला. काकूंनी त्याच्यासमोर बटणांचा डबा आणि दोन बरण्या ठेवल्या. "माणूस गेला की काळं बटण, बाई गेली की पांढरं. आणि फोनकडे बघू नकोस, चुकशील. मला विचार चूक काय असते ते." आठवडाभर तो पहाटे येत राहिला. सरासरी निघाली दिवसाला सहाशे अडतीस. शेवटच्या दिवशी तो काकूंना न सांगता टाकीपर्यंत चालूनही आला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. भाडेकराराचा प्रस्ताव रद्द. पट्ट्याची नोंद यापुढे आरोग्य विभागाच्या खर्चाशी जोडून दरवर्षी तपासावी. नवऱ्याने पत्र मोठ्याने वाचलं, शेजारचा औषधवाला दारात येऊन उभा राहिला, दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं ना मनासारखं?" नवरा म्हणाला. "आता दोन दिवस दुकान बंद ठेव. तुझ्या ताईकडे जाऊन ये."

काकूंनी पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"आता काय?"

"बरण्या बघितल्या नाहीत तुम्ही? सकाळी पांढरी बटणं निम्मी. संध्याकाळी सातनंतर एकही नाही. शेवटच्या किलोमीटरवरचे अकरा दिवे बंद आहेत, बायका तिथून मागे फिरतात." त्यांनी पेनाचं टोपण दातांनी काढलं. "सहाशे अडतीस म्हणे! अजून निम्मं शहर घरातच बसलंय. त्यांच्या गोळ्यांचा खर्चही पहिल्या मजल्यावरूनच जातोय. सांगा, तारीख काय आज?"

नवऱ्याने तारीख सांगितली. औषधवाला दारातूनच म्हणाला, "अर्जावर माझी सही घ्या हवी तर."

"घेते," काकू मान वर न करता म्हणाल्या. "पण उद्या पहाटे, ट्रॅकवर."